मनोऱ्याची डावी बाजू

दिनानाथ सर मूळचे पेणचे, भूगोल शिकवायचे रोह्याच्या अलीकडे, खाडीकाठच्या हायस्कुलात. नुसतं पाठ करू नका, आकडे वाचायला शिका, हे त्यांचं पालुपद. एकदा त्यांनी नववीच्या पोरांना घरोघर हिंडवून माणसं मोजायला लावली आणि लोकसंख्येचा मनोरा काढायला सांगितला. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, खाली पोरंटोरं, वर म्हातारे.

मुनीराने आपल्या मोहल्ल्याचा मनोरा काढला. सुरेख काढला हो, पण डाव्या बाजूला मधल्या पट्ट्या जवळजवळ नव्हत्याच. असणार कशा? मोहल्ल्यातले कर्ते पुरुष सगळे आखातात. तिचे अब्बा, शरीफ, मस्कतला गेले त्याला इतकी वर्षं झाली होती की धाकट्या भावाने त्यांना फोटोतच पाहिलं होतं. दर ईदला नाक्यावरच्या दुकानात फोन यायचा, पुढच्या ईदला नक्की येतो म्हणून. मुनीरा प्रत्येक वेळी खरं मानायची आणि ते आले नाहीत की आठवडाभर कुणाशी धड बोलायची नाही.

आता पट्ट्या आखूड का, याचं कारण लिहायचं होतं. सरांनी वर्गात युद्ध सांगितलं, साथीचे रोग सांगितले, आणि तिसरं कारण, म्हणजे स्थलांतर, सांगणार तेवढ्यात घंटा झाली. मुनीराने मनोऱ्याखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘युद्ध झालेले नाही. त्याअर्थी येथे फक्त पुरुषांना होणारी साथ येऊन गेली असावी.’

सरांनी चित्र पाहिलं, अक्षर पाहिलं, वाक्य काही वाचलं नाही. आकड्यांपुढे अक्षरांना विचारतो कोण! तक्ता थेट रोह्याच्या प्रदर्शनात दर्शनी भिंतीवर लागला.

तिथे तो एका आरोग्यसेवकाने वाचला, आणि दुसऱ्या दिवशी जीप मोहल्ल्यात हजर. गटारांत पावडर पडली. उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांची बोटं टोचून रक्त घेतलं. आम्हाला झालंय तरी काय, असं एका म्हाताऱ्याने विचारलं, तर अजून काही नाही, पण तुम्ही पुरुष आहात ना, असं उत्तर मिळालं. झालं! बातमी शेजारच्या निडी गावापर्यंत गेली आणि तिथून समुद्र ओलांडून आखातात. दुकानातला फोन खणखणायचा थांबेना. मुनीराची आई इशरत फोनवर घसा फोडून सांगायची की सगळे बरे आहेत, पण ‘सगळे’ म्हणेपर्यंत लाइन तुटायची. एवढंच ऐकलेल्या माणसाने काय समजायचं?

शरीफ मालकाशी भांडून, रजा काढून आला. दारातच त्याने धाकट्याला उचललं आणि त्याचं कपाळ, पोट, हातपाय चाचपायला लागला. पोरगं अनोळखी माणूस बघून भोकाड पसरून रडलं. त्याला छातीशी धरून शरीफही रडला. मुनीरा मात्र उंबऱ्यात उभी राहून हसत होती.

दुसऱ्या दिवशी शरीफ शाळेत आला. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हात जोडून कबूल केलं की चूक आपलीच, तिसरं कारण सांगायचं राहून गेलं.

शरीफ म्हणाला, “सर, पोरीला वरडू नका. तिनं मोजलं ते बराबर हाय. मी हितं नव्हतोच.”

तो गेल्यावर सरांनी मुनीराला बोलावलं. “स्थलांतर म्हणजे काय, तुला खरंच ठाऊक नव्हतं?”

“व्हतं की सर. पुढचं पान मी घरी वाचलं व्हतं.”

“मग तेच लिहायचं ना, बाय.”

मुनीरा खाली मान घालून म्हणाली, “स्थलांतर लिवलं असतं, तर अब्बा आले असते काय?”

सर वळले आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिले.