पाच गाठी आणि एक काटा

काटा मधोमध. सव्वानऊ.

सासूबाई गाडी चालवत होत्या, सून शेजारी बसून शिकवत होती आणि सासरे मागच्या सीटवरून दोघींनाही शिकवत होते. सासऱ्यांना स्वतःला गाडी येत नव्हती.

अकरा वाजता सासूबाईंची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. तिसरी. पहिल्या वेळी गाडी मागे घेताना खांब आडवा आला, दुसऱ्या वेळी तोच खांब. आजही हुकलं तर शिकाऊ परवान्याची मुदत संपणार आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सासरे चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवून निवृत्त झालेले. बायकोच्या गाडीला बाजारातला 'L' लिहिलेला कागदी चौकोन चिकटवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी चांगली हातभर उंचीची पत्र्याची पाटी रंगवली. 'शिकाऊ चालक. अंतर ठेवा. रागावू नका.' अक्षरांना सावलीसुद्धा दिली. मग ती गाडीच्या तोंडावर, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, पाच गाठींनी आवळून बांधली. बॉनेट उघडायचं तर पाटी सोडावी लागे, एवढीच काय ती अडचण.

काटा वर. आणखी वर. लाल.

"हे काय पेटलं गं?"

"इंजिन तापलंय, आई. डावीकडे घ्या. बंद करा."

"पाणी ओत," मागून सासरे.

"गरम असताना झाकण उघडलं तर तोंडावर येईल, बाबा. थांबा."

थांबले. सासऱ्यांनी पाच गाठी सोडल्या. सुनेनं बॉनेट उघडून पाहिलं. इंजिन गार ठेवणारं कूलंट टाकीत दोन रेघांच्या बरोबर मध्ये. गळती नाही. गाडी सुरू केली तर पंखा फिरतोय. काटा निमूटपणे खाली आला.

"मी म्हटलंच होतं, काही झालेलं नाही," असं न म्हणालेले सासरे म्हणाले आणि पाच गाठी बांधल्या.

दोन किलोमीटर. लाल.

गॅरेज. पावणेदहा.

"काका, ती पाटी जरा बाजूला घ्या," मेकॅनिक म्हणाला आणि बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला. पाइप दाबून पाहिले. पंप पाहिला. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याला वाट मोकळी करून देणारी झडप, तीही पाहिली. मग सासूबाईंना घेऊन गाडी पार चढावर पळवून आणली. तोवर सासरे स्टुलावर बसून पाटीच्या 'ठ'वरचा ओरखडा रुमालानं पुसत होते.

"काटा हललासुद्धा नाही, मावशी. गाडीत कोण कोण बसतं?"

"आम्ही तिघं."

"मग तुमच्यातलंच कोणीतरी तापट आहे."

सून हसली नाही. सव्वादहा वाजले होते.

"पुन्हा तापली तर हीटर फुल सोडा," मेकॅनिकनं सांगितलं. "इंजिनची उष्णता आत येते. गाडी वाचते."

"आणि आतली माणसं?"

"ती माझ्याकडे दुरुस्त होत नाहीत."

पाच गाठी.

लाल. साडेदहा.

हीटर फुल. बाहेर भर उन्हाळा. सासूबाईंचा चष्मा नाकावरून घसरायला लागला, सुनेचं काजळ गालावर आलं, सासऱ्यांनी शर्टाची बटणं पोटापर्यंत सोडली.

"काटा उतरतोय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र चढला होता. "अहो, मागे जिवंत आहात ना?"

"अंतर ठेव. पुढे ट्रक आहे."

"आहेत जिवंत," सून म्हणाली.

परीक्षा. अकरा.

परीक्षक इस्त्रीच्या शर्टात आले आणि शेजारी बसले. सून आणि सासरे कुंपणाबाहेर उभे.

"बाई, हीटर चालू आहे."

"हो, साहेब. माझ्यासाठी नाही, गाडीसाठी."

खांब आला. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. गाडी मागे अशी अलगद घेतली की कुंपणाबाहेर सुनेनं सासऱ्यांचा दंडच आवळला. परीक्षकांच्या शर्टाची इस्त्री एव्हाना उतरली होती. आणि शेवटच्या वळणावर, हीटरलाही न जुमानता, लाल.

सासूबाईंचे हात शहाणे निघाले. सिग्नल. आरसा. डावीकडे. इंजिन बंद. हँडब्रेक.

"दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही, साहेब."

परीक्षक निथळत उतरले, गाडीला वळसा घालून पुढे आले आणि तिथेच थांबले. पाटी त्यांनी दोनदा वाचली.

"ही कुणी लावली?"

"मी रंगवलीय," कुंपणापलीकडून सासरे अभिमानानं म्हणाले.

"अक्षर सुंदर आहे. पण हिच्या मागे पाणी गार करणारा रेडिएटर आहे, काका. त्याला वारा लागतो. तुम्ही गाडीचं नाक बांधलंय."

सून हळूच खाली बसली. प्रत्येक वेळी बॉनेट उघडायला पाटी सोडली. प्रत्येक वेळी गाडी बरी झाली. प्रत्येक वेळी पाच गाठी.

परीक्षकांनी कपाळ पुसून कागदावर सही केली. "पास. खांबासाठी नाही. लाल दिवा बघून न घाबरता थांबलात, त्यासाठी."

काटा मधोमध. पुढचा महिना.

चांगली पाटी वाया जाऊ नये, म्हणून सासऱ्यांनी त्रेसष्टाव्या वर्षी शिकाऊ परवाना काढला. पाटी या वेळी मागच्या काचेखाली बांधली होती. गाठी सासूबाईंनी मारल्या. दोनच.

सासरे स्टिअरिंगवर बसले. सासूबाई शेजारी. सासऱ्यांनी चावी फिरवली, गाडी सुरू झाली आणि ते एकदम हात वर करून बसले.

"अगं, लाल. तापली. मी मेकॅनिकला बोलावतो."

"हँडब्रेकचा दिवा आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "आधी ब्रेक खाली करा. आणि अंतर ठेवा."