मनुआत्याची दुसरी पट्टी

"आत्या, तू फक्त एकदा गा. पुढचं सगळं कॉम्प्युटर बघेल!" उत्तम नाखव्याने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्याच्या घरात कॉम्प्युटर येऊन अकरा दिवस झाले होते.

साल अठ्ठ्याण्णव. डोंबिवलीतल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाकडे कॉम्प्युटर नव्हता. आणि त्यातला गाणी रेकॉर्ड करायचा प्रोग्राम तर, उत्तमच्या मते, दिव्यापासून टिटवाळ्यापर्यंत कुणाकडेच नव्हता! ऑफिसातल्या कुंडलिकने तो कॉम्प्युटरमध्ये घालून दिला होता आणि "सोपाय रे, लाल बटण दाबायचं," एवढ्या एका वाक्यात शिकवूनही झाला होता.

मनुआत्या म्हणजे मनुबाई, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली उत्तमची सख्खी आत्या. पन्नास वर्षांत तिच्या गाण्याशिवाय तिथे कुणाला हळद लागली नव्हती. आता तिच्याच नातीची, सरस्वतीची हळद पंधरा दिवसांवर आली, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं, "आजी, गळ्याला ताण नको. घरात एखादं गाणं हळू म्हणा, पण मांडवात बिलकुल नाही." त्या दिवसापासून म्हातारी ताटावरून अर्धी जेवून उठत होती. उत्तमला ते बघवेना. गाणं घरी रेकॉर्ड करायचं, कॅसेट काढायची आणि हळदीला लावायची, असं त्याने ठरवलं.

रविवारी सकाळी आत्या आली. कपाळभर कुंकू, अंबाड्यात अबोलीची वेणी. उत्तमने तिच्यापुढे माइक धरला.

"यवरासा चमचा? यात माजा आवाज मावंल कं?"

"मावेल गं. तू गा!"

लाल बटण दाबलं. आत्या गायली. पडद्यावर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट रेघ, दवाखान्यातल्या मशीनवर येते तशी.

"ही रेग कशाची रं?"

"तुझ्या आवाजाची."

"म्हंजे मी मेली कं?"

उत्तमने प्रोग्राममधलं एकूण एक बटण दाबून पाहिलं. शेवटी त्याची बायको कलावती कॉम्प्युटरच्या मागे वाकली आणि म्हणाली, "अहो, माइकची वायर स्पीकरच्या भोकात घातलीय. बाजूलाच चित्र काढलंय बघा!"

वायर बदलली. आत्या पुन्हा गायली. दुसऱ्याच ओळीला कॉम्प्युटरमधून टिक टिक टिक टिक सुरू झालं.

"त्या घड्यालाला गप कर आदी!"

"आत्या, ते ताल देतंय."

"मना ताल देतंय? माज्या लग्नात त्याचा आजा तरी होता कं?"

टिकटिक बंद करायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात पडद्यावर सात नवीन खिडक्या उघडल्या आणि एकही मिटेना. उत्तमचा शर्ट पाठीला चिकटला. आत्याचा आवाज बसायला लागला होता.

"आता शेवटचं हां उत्तम. नंतर मी गानार नाय."

या वेळी मात्र सगळं जमलं! आत्या डोळे मिटून गायली आणि पडद्यावर डोंगरांच्या रांगा उठल्या. फक्त शेवटच्या ओळीत आत्या जरा खोकली. तेवढी ओळ पुन्हा घ्यावी म्हणून त्याने पडद्यावर गाण्याच्या पट्टीखाली दुसरी रिकामी पट्टी उघडली आणि लाल बटण दाबलं. तोच कलावती चहा घेऊन आली. आत्या चहाला वळली, उत्तम बटाटेवड्याला. लाल बटण चालूच राहिलं. लक्षात आलं तेव्हा उत्तमने ते बंद केलं, एक बटण दाबून दुसरी पट्टी पडद्यावरून नाहीशी केली, गाण्याच्या पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि "झकास!" म्हणून कॅसेट काढली.

हळदीच्या दिवशी मांडव भरला. दिव्याहून नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. पुढे नवऱ्याची आई, विमलाबाई. उत्तमने रुबाबात कॅसेट लावली. आत्याचा आवाज घुमला, बायकांनी माना डोलावल्या. आणि तिसऱ्या ओळीला त्याच आवाजावर त्याच आवाजात आत्या बोलायला लागली!

"...विहीन दिसाला बरी हाय गो कलावती, पन बोलाया लागली का थांबं नाय. चाय निवली तरी हिचा चालूच!"

नाहीशी झालेली पट्टी फक्त लपली होती. आत सगळं शाबूत होतं आणि गाण्याबरोबर कॅसेटवर उतरलं होतं.

उत्तम टेपकडे धावला आणि घाईत त्याने आवाजच मोठा केला.

"...आन म्हनं गाते! माज्यासमोर दोन गानी तरी टिकंल कं ती?"

सरस्वतीने हळदीचे हात तोंडावर घेतले. उत्तमने वायरच उपटली. मनुआत्या जमिनीकडे बघत होती. एवढी लहान झालेली त्याने तिला कधी पाहिली नव्हती.

विमलाबाईंनी हळदीची वाटी शांतपणे खाली ठेवली. पदर खोचला.

"दोन कं?" त्या म्हणाल्या, आणि मनुआत्याच्या नाकावर टिच्चून खणखणीत आवाजात गायला लागल्या! नवरीची आजी कशी खवट, तिचं कालवण कसं खारट...

बायका फिस्सकन हसल्या. मनुआत्याने मान वर केली.

"आत्या, डॉक्टर!" उत्तम ओरडला.

"तू गप रं!" म्हणत आत्या उठली आणि तिने गाण्यातूनच उत्तर दिलं. मग दिव्याच्या बायका, मग चेंदणीच्या. दोन तास मांडव हलत होता. शेवटी दोन्ही विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि दोघींचेही गळे बसले. दुसऱ्या दिवशी लग्नात आत्या खुणांनी बोलत होती, पण पंगतीत तिने तीन वेळा भात मागून घेतला.

आठवड्याने विमलाबाईंचा उत्तमला फोन आला. त्यांना ती कॅसेट हवी होती.

उत्तम फुलला. "देतो ना! मागचं ते बोलणं काढून, नुसतं गाणं..."

"गाना नको रं. गान्यानं बोलनं नीट आयकाला येत नाय. गाना तेवरा कार!"

उत्तमने कॉम्प्युटर लावला, लपलेली पट्टी शोधली आणि गाण्याची पट्टी बंद केली. पहिल्याच फटक्यात जमलं.