भिंतीवरचं गोल बटण

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. मी कंजूष नाही. मला फक्त फसवून घ्यायला आवडत नाही. इंग्लंडातल्या आमच्या हडर्सफील्डमध्ये या दोन गोष्टींतला फरक कळणारी माणसं फार थोडी आहेत आणि त्यांतलं एकही माझ्या घरात राहत नाही.

आम्ही राहतो तळमजल्यावर. वर मिसेस पिकर्सगिल. वय एक्याऐंशी, एकट्या, आणि नवरा होता तेव्हापासून एकाच वीज कंपनीला चिकटलेल्या. मी त्यांना जिन्यात गाठून कितीदा समजावलं, "अहो, जुन्या गिऱ्हाइकाला या कंपन्या सोलून काढतात. त्यांच्याकडे पाठ फिरवा, बघा कसे स्वस्त दर घेऊन मागे धावतात." त्यांचं उत्तर ठरलेलं. "पण मिस्टर थ्वेट, माझं बिल फारच कमी येतं हो." बिचारीला कमी म्हणजे काय तेच माहीत नाही, असं म्हणून मी सोडून द्यायचो.

माझी बायको ग्लेनिस घरी पियानो शिकवते. आमच्या घरी हीटिंगचं जे गोल बटण भिंतीवर आहे, ते मी सोळा अंशांवर ठेवतो. (सोळा हे आरोग्याला उत्तम. कुठेतरी वाचलं होतं. कदाचित लोणी ठेवण्याबद्दल असेल.) तर गेल्या ऑक्टोबरात एका मुलीची आई म्हणाली, "माझी मुलगी हातमोजे घालून पियानो वाजवते. मी हिला दुसरीकडे घालते." मुलगी गेली. ग्लेनिस नुसती आपली बोटं चोळत बसली. तिची बोटं थंडीत आखडतात, ते मला दिसत होतं. नाही असं नाही.

"बटण वीसवर ने, नॉर्मन," ती म्हणाली.

"बटणाला हात लावायची गरज नाही. मी कंपनी बदलतो. गॅस आणि वीज दोन्ही. बिल निम्म्यावर येईल, मग बघू."

"आणि नाही आलं तर?"

"येईलच."

"नाही आलं तर बटण माझं. कायमचं. तू त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

मी हात पुढे केला. तिने मिळवला. तिचा हात बर्फासारखा गार होता, पण त्या वेळी मी तो तिच्या घाबरण्याचा परिणाम समजलो.

कंपनी बदलायला अकरा मिनिटं लागली. ठरल्या दिवशी मीटरचे आकडे कळवायचे होते. विजेचे दोन मीटर जिन्याखालच्या कपाटात, आमचा आणि पिकर्सगिलबाईंचा. गॅसचा आमच्या सिंकखाली, बादलीच्या मागे. माझी कंबर वाकत नाही, म्हणून तो ग्लेनिसने वाचला. जुन्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "इतकी वर्षं आमच्याकडे होतात, वाईट वाटतं." मी म्हणालो, "वाटायलाच पाहिजे." आयुष्यात इतकं छान वाक्य मला वेळेवर सुचल्याचं दुसरं उदाहरण नाही.

पहिलं बिल आलं. गॅस थोडा उतरला होता. वीज मात्र दीडपट.

"हं," ग्लेनिस म्हणाली. एवढंच. बटणाकडे बघून.

"पहिलं बिल धरायचं नाही. चार महिन्यांचं धरू," मी म्हणालो आणि त्याच दिवसापासून लढाई सुरू केली. फ्रिज सोडून सगळं बंद. चहाला पाणी एकदाच उकळायचं आणि ते बाटलीत भरून ठेवायचं. टीव्ही बघायचा तो दिवा मालवून. ग्लेनिस अंधारात विणकाम करायची आणि त्यातून जो स्वेटर निघाला त्याला तीन बाह्या होत्या.

दुसरं बिल आलं. आणखी चढलेलं.

आता मात्र माझं डोकं फिरलं. शनिवारी सकाळी घरातला एकूण एक खटका पाडला, फ्रिजसकट, आणि टॉर्च घेऊन जिन्याखालच्या कपाटात शिरलो. आमच्या मीटरवरची चकती गरागरा फिरत होती. घरात एक दिवा चालू नाही आणि चकतीला तर जत्रेतल्या पाळण्याचा वेग. लुच्च्यांनी मीटरमध्येच काहीतरी करून ठेवलंय, असं म्हणून मी तिथेच मांडी घातली. ती थांबल्याशिवाय मी उठणार नव्हतो.

अर्ध्या तासाने ती थांबली. त्याच क्षणी वरून आवाज आला, टिंग.

मी कपाटातूनच हाक मारली, "मिसेस पिकर्सगिल, आत्ता तुम्ही काय बंद केलंत?"

"कोण बोलतंय?"

"मी थ्वेट. कपाटात आहे."

वरचं दार करकरलं. मग, "ग्लेनिसला माहीत आहे का?"

"अहो, काय बंद केलंत?"

"मी कशाला करू? कपडे वाळवायचं मशीन आहे, आपोआप बंद होतं."

"परत लावा."

चकती फिरली.

"बंद करा."

चकती थांबली. असं आम्ही पाच वेळा केलं. शेवटी त्या खाली आल्या, कारण चादरी दमट राहत होत्या.

मी त्यांना समजावून सांगितलं. घराचे दोन भाग केले तेव्हा कुठल्यातरी शहाण्याने वायरी उलट्या जोडल्या होत्या. एकोणीस वर्षं त्यांचं बिल मी भरत होतो आणि माझं त्या.

"तरीच," त्यांचा चेहरा उजळला. "मी सगळ्यांना सांगते, माझी कंपनी फार प्रामाणिक. नाताळात त्यांना कार्ड पाठवते. इतकं कमी बिल येतं म्हणून तर या सप्टेंबरात हे मशीन घेतलं."

म्हणजे एकोणीस वर्षं मी काटकसर केली, आता तर अंधारात बसलो, कोमट चहा प्यायलो, ग्लेनिसला त्रिबाहू स्वेटर विणायला लावला, ते सगळं यांच्या चादरी वाळाव्यात म्हणून. मी तिथेच पायरीवर बसलो. त्यांनी वरून बिस्किटं आणून दिली. मी खाल्ली. माझीच होती एका अर्थी.

कंपनीला फोन केला. ते म्हणाले, माणूस पाठवतो, सहा आठवड्यांनी. मागचं काही परत मिळणार नाही, आणि तोपर्यंत जसं चाललंय तसं चालू द्या.

"जसं चाललंय तसं?" मी फोन ठेवला आणि ग्लेनिसला हाक मारली. "ऐक. सहा आठवडे आपण जे जाळू ते वरच्या बाईच्या नावावर. एकोणीस वर्षांचं मी सहा आठवड्यांत वसूल करतो. बटण फिरव."

ग्लेनिसने माझ्याकडे नीट बघितलं. "नक्की?"

"नक्की."

"किती ठेवू?"

"चोवीस. आणि विचारत बसू नकोस."

ती विचारत बसली नाही. एका शब्दानेही नाही.

काय दिवस होते ते. बाहेर जानेवारी, आणि मी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. उकडलं की खिडकी उघडायची, बटण कमी करायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. शिकायला येणारी मुलं कोट काढून खुंटीला लावू लागली. ती गेलेली मुलगी परत आली. एका दुपारी मुलं नसताना ग्लेनिस स्वतःसाठी वाजवत बसली होती. कितीतरी वर्षांनी. बोटं सरसर चालली होती. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. (हे तिला सांगितलं नाही. लढाई चालू होती.)

सहा आठवड्यांनी माणूस आला. वीस मिनिटांत वायरी सरळ करून हात पुसत म्हणाला, "झालं. आता तुमची वीज तुम्हाला, त्यांची त्यांना."

"आणि गॅस कधी सरळ करणार?"

"गॅसचं काय?"

"तोही उलटाच असेल ना."

"कसा असेल? गॅसचा मीटर तुमच्या सिंकखाली आहे, साहेब. त्यांचा त्यांच्या. गॅस बरोबरच आहे, पहिल्यापासून."

मी हळूच ग्लेनिसकडे वळलो. ती पियानोवरची धूळ पुसत होती. तिथे धूळ नव्हती.

"आपलं हीटिंग कशावर चालतं?" मी विचारलं.

"गॅसवर, नॉर्मन. एकोणीस वर्षं."

"तुला माहीत होतं?"

"तो मीटर मीच वाचते ना. सहा आठवडे तो काय पळालाय, तू एकदा वाकून बघायला हवं होतंस."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारत बसू नकोस म्हणालास."

चार महिन्यांचं बिल आलं. आकडा सांगत नाही. मी भिंतीपासून बाजूला झालो आणि ग्लेनिसने बटण एकवीसवर ठेवलं. शर्तीप्रमाणे मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

पण हार मी मानलेली नाही, हे लिहून ठेवा. माझ्या हिशेबाने हे घर अजून सोळा अंशांवरच आहे, आणि म्हणून मी घरात कोट, मफलर आणि तो तीन बाह्यांचा स्वेटर घालूनच बसतो. सदरा घामाने ओलाचिंब होतो. ग्लेनिस तो रोज नेऊन पिकर्सगिलबाईंच्या मशीनमध्ये वाळवून आणते.