भरल्या जीपचं माप

"आक्का, औंदा पंचमीला मीच न्यायला येतो. जीप थेट तुझ्या दारात!" काकासाहेबांनी फोनवर असा आवाज लावला, की पुंडलिकनगरातल्या अर्ध्या गल्लीला ते आमंत्रण पोचलं.

पलीकडून भागूआक्का हळूच म्हणाल्या, "खरंच येशील का रं? मी वाट बघीन."

त्या 'वाट बघीन'नं काकासाहेबांची झोप उडाली. आक्कांनी त्यांना कडेवर वाढवलं होतं. त्या सासरी निघाल्या तेव्हा हे बैलगाडीमागं रडत वेशीपर्यंत धावले होते. आता आक्का कन्नड तालुक्यातल्या डोंगरात एका वस्तीवर. एसटी ओढ्याच्या अलीकडंच थांबायची, आणि आक्कांचे गुडघे त्यांना ओढा ओलांडू देत नव्हते. मुराळी होऊन त्यांना माहेरी आणायचं, ही ओढ काकासाहेबांच्या जिवाला कधीपासून लागली होती.

जीप होती, पण बुटकी. ओढ्यात बुडू नये म्हणून त्यांनी मागच्या चाकांवर स्प्रिंगचे उंच पाटे बसवले. जीप रुबाबात उभी राहिली आणि गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट आखूड पडला! शहागंजातला लेथवाला फकिरा म्हणाला, "माप आना, नवा बनवून देतो."

काकासाहेबांनी जीप विटांवर चढवली. मागची चाकं अधांतरी लोंबकळतायत, आणि हे बायकोची, आशाबाईंची शिवणाची टेप घेऊन खाली आडवे!

"अवो, फकिराला बोलवा की!" आशाबाई म्हणाल्या.

"अख्खं शेत मोजलंय मी. हा तर दांडा हाये!"

दांडा आला. जीप विटांवरून उतरली, वजन चाकांवर आलं, जागा आवळली आणि दांडा चांगला चार बोटं लांब! शेवटी फकिरा स्वतः माप घ्यायला आला. पण तोवर आशाबाईंनी जीपपुढं नारळ फोडला होता, आणि शेजारचे मधुसूदन कुलकर्णी "जरा बसून बघतो" म्हणत सहकुटुंब वर चढले होते. त्यांच्या मागं गल्ली चढली. चहासुद्धा वरच गेला.

"काका, उतरवा त्यांना! पाटे पार दबलेत!" फकिरा खालून ओरडला.

काकासाहेबांनी वर पाहिलं. दारात आलेल्या, हातात कपबशी धरलेल्या माणसाला 'उतरा' कसं म्हणायचं? अशानं आयुष्यभराचं बोलणं तुटतं!

"घे तसंच," ते पुटपुटले. फकिरालाही दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्यानं घेतलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी दांडा कापून, जोडून परत आला. रिकाम्या जीपला लावला, तर एकमेकांत सरकणारे त्याचे दोन तुकडे भिडेचनात! "कुलकर्णीसाहेब, जरा बसता का?" मधुसूदनराव बसले. तुकडे जवळ आले. "वहिनी, तुम्ही बी!" आणखी जवळ. सगळी गल्ली बसली तेव्हा कुठं दांडा बसला. मंडळी टाळ्या वाजवत उतरली, आणि खडाक्! दांडा खाली.

"भरल्या गाडीचं माप हाये काका," फकिरा घाम पुसत म्हणाला. "भरूनच न्या!"

"म्हंजी एका वन्संना आणायला अख्खी गल्ली?" आशाबाईंनी कपाळाला हात लावला. "आन् त्या कुठं बसतील?"

"अहो, आम्ही सरकून घेऊ!" मधुसूदनराव म्हणाले. त्यांच्या घरी दशम्यांचं पीठ भिजलंसुद्धा होतं.

पंचमीला वरात निघाली. वाटेत कुणाला लघवीला जायचं तर फकिरा दरडावायचा, "एका टायमाला एकच! बाकीचे हलू नका!" चहाच्या टपरीवाल्याला वाटलं, पोलिसांनी पकडून चालवलेली माणसं आहेत. पण जीप ओढ्यातून गेली! पलीकडं आक्का दारात उभ्या होत्या, हातात आरतीचं ताट, अंगावर ठेवणीतलं लुगडं.

"या, उतरा! पाय धुवा!"

"उतरू नका!" काकासाहेब किंचाळले.

आक्कांचा चेहरा उतरला. "माझ्या दारात आलेल्या मान्सांना उतरू नका म्हन्तोस?"

मग कोण बसून राहील? सगळे उतरले. खडाक्!

काकासाहेब जोत्यावर मटकन बसले. "आक्का, आता तुला माहेरी कसं नेऊ?"

आक्कांनी वाकून पडलेला दांडा पाहिला. "मोडला? लई ब्येस झालं!"

"आक्का!"

"कुठल्या माहेराला नेतोस रं? आई नाय, बाप नाय, घर नाय. माझं माहेर म्हंजी तू. आन् तू येतोस, घड्याळ बघतोस, परतीच्या एसटीला पळतोस. लगीन झाल्यापून एक रात राहिला नायस माझ्या घरी. मी दर पंचमीला वाट बघते ती निघायची नाय, तुझ्या राहायची."

काकासाहेबांनी नाक ओढलं.

तेवढ्यात जीपखालून फकिराचा विजयी आवाज आला. "काका, मोडला नाय, नुसता निसटलाय! समदे वर बसा, आत्ता लावतो. उजेडात घरी!"

गल्ली पटापट वर चढली. आशाबाईही चढल्या. फकिरानं खालून जोर लावला.

"थोडक्यात ऱ्हातंय! काका, तुमचंच वजन कमी पडतंय!"

"पडू दे," काकासाहेब म्हणाले आणि पाय धुवायला मोरीकडं गेले.