न वाकणारी तार

"पांढरीफटक तापली तरी माझी तार वाकणार नाही! वाकली, तर दुसऱ्या दिवसापासून मामांच्या गादीवर बसेन!"

विरुपाक्षानं हे जेवता जेवता जाहीर केलं, तेही आमटी ताटाऐवजी पाटावर ओतत. पॉलिटेक्निकात धातुशास्त्र शिकवणारा हा गृहस्थ मुळातच जमिनीवर कमी असायचा. त्याच्या गुरुलिंगमामांचा अक्कलकोट रोडला टॉवेलांचा कारखाना. मामांना मुलगा नाही, आणि भाचा हा असा तरंगता!

"ठरलं की!" मामा म्हणाले आणि विरुपाक्षाच्या आईकडे वळले. "अक्का, तू साक्षीला हायस. ह्याच्या अकलेनं तार सरळ ऱ्हायली, तर मी परत कारखान्याचं नाव काढणार न्हाय. पण ह्याच्या अकलेनं, बरं का!"

तार होती टंगस्टनची. हा धातू वितळता वितळत नाही. पण फार तापला की आतले स्फटिक एकमेकांना गिळून फुगतात आणि तार मान टाकते. विरुपाक्षाचा बेत असा, की त्यात झिर्कोनियम ऑक्साइडची बारीक पूड मिसळायची. जत्रेत जागोजागी पोलीस उभे केले की गर्दी रेटत नाही, तसे हे कण स्फटिकांना जागचे हलू देणार नाहीत. मग ती तार अग्निबाणात जाणार, अग्निबाण चंद्रापलीकडे जाणार, आणि तिथल्या शांत निळ्या अंधारात ती एकटीच उजळत राहणार! इतकं दिसेपर्यंत आई, म्हणजे नागम्मा, ओरडायची, "विरू, दूध उतू गेलं! डोळं हायत का न्हाईत?"

पूड पुण्याच्या मित्रानं दिली होती. ओल लागू नये म्हणून विरुपाक्षानं घरातली सगळ्यात कोरडी जागा शोधली, ती देवघराचा कोनाडा. डबी पितळेची, पूड पांढरीशुभ्र. आता लिंगायताच्या देवघरातली पांढरी पूड म्हणजे काय, हे रांगतं पोरही सांगेल. याला नाही सुचलं. हा तेव्हा चंद्रापलीकडे होता!

सोमवारी मामा पूजेला आले. नागम्मानं तीच डबी पुढं केली. मामांनी तीन बोटं बुडवून कपाळभर पट्टे ओढले.

"काय मऊ विभूती हाय गं अक्का! लई झ्याक!" म्हणत त्यांनी उरलेली सगळी पुडीत बांधून नेली. विभूतीची डबी रिकामी ठेवू नये, म्हणून नागम्मानं विभूतीची वडी कुटून ती काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी विरुपाक्षानं हीच डबी टंगस्टनच्या भुकटीत उपडी केली आणि मिश्रण पुण्याला पाठवलं. मित्राच्या प्रयोगशाळेतून तार होऊन आली.

परीक्षेला मामा आणि नागम्मा दोघंही पॉलिटेक्निकात हजर. हवा काढलेल्या काचेच्या नळीत दोन तारा आडव्या बसवल्या होत्या, एक साधी, एक विरुपाक्षाची. वीज सोडली. दोन्ही लाल झाल्या, पिवळ्या झाल्या, पांढऱ्या झाल्या. साधी तार हळूच झोळीसारखी लोंबली. दुसरी? जशीच्या तशी, ताठ! विरुपाक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता.

"हरलो बाबा," मामा दिलदारपणे म्हणाले. "आता तू मोकळा. अक्का, तेवढी ती मऊ विभूती दे की आनखी. पुडीत एक चिमूटच ऱ्हायलीय."

"आता कुठनं देऊ? कोनाड्यातल्या पितळी डबीत होती तेवढी सगळी तूच नेलीस. मी आपली वडी कुटून भरली त्यात."

विरुपाक्षाचा चेहरा त्या लोंबलेल्या तारेसारखा झाला. "अव्वा! त्या डबीत तू विभूती भरलीस?"

"मग काय, देवाची डबी रिकामी ठिवू?"

सगळा प्रकार उलगडायला वेळ लागला, पण मामा व्यापारी माणूस! ते आधी उठले.

"म्हंजे तार विभूतीनं ताठ ऱ्हायली! अक्कल शिवाची, तुझी न्हाय. उद्या गादीवर!"

"मामा, विभूती म्हणजे राखच. राखेत पोटॅश असतं, तेही स्फटिकांना अडवत असेल कदाचित..."

"हे तुला आदी ठावं होतं?"

विरुपाक्ष स्वप्नाळू होता, खोटारडा नव्हता. "नाही," तो म्हणाला, आणि त्याला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो गादीवर बसला. शेजारीच सुताला खळ द्यायच्या कढया रटरटत होत्या. कामगार घामानं निथळत होते. मामांचा सदरा पिळून काढावा असा भिजला होता. नाकावरून, हनुवटीवरून धारा लागल्या होत्या. आणि कपाळावर पुडीतल्या शेवटच्या चिमटीचे तीन पांढरे पट्टे! एक कणही जागचा हलला नव्हता.

विरुपाक्ष बघतच राहिला.

"काय बगतोस रं?"

"काही नाही, मामा. माझी पूड पास झाली!"