शुक्राच्या हिशेबाने सात दिवस

सपना भीमराज खिल्लारे हिला उत्पन्नाचा दाखला सात दिवसांच्या विहित मुदतीत देण्यात आला. जवळा बाजार येथील दाखला उपकक्षाला त्याबद्दल ‘शून्य प्रलंबितता’ प्रशस्तिपत्रही मिळाले. दाखला अद्याप तयार झालेला नाही, ही बाब अलाहिदा.

सपनाचा नर्सिंगला नंबर लागला होता. प्रवेशाची शेवटची तारीख वीस. अर्ज पाच तारखेला दिलेला. तेराला ती आई पंचफुलाबाईंसोबत खिडकीवर आली.

“सात दिवस होऊन गेले की भाऊ,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“न्हाई झाले, मावशी,” लिपिक अमरसिंग म्हणाला. “सात दिवस कायद्यात हायत. कोणत्या ग्रहाचे, ते न्हाई. मॅडमनी शुक्र घेतलाय.”

झाले असे की, उपकक्षप्रमुख ज्योती मॅडम एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला पाहुण्या म्हणून गेल्या. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला पृथ्वीचे दोनशे त्रेचाळीस दिवस लागतात, हे तिथल्या पुठ्ठ्यावर वाचून त्यांचे डोळे भरून आले. सोमवारी समिती, मंगळवारी परिपत्रक. शुक्रावर सूर्योदय ते सूर्योदय एकशे सतराच दिवस भरतात, असे एका सदस्याने निदर्शनास आणले; हा हिशेब अर्जदारांच्या सोयीचा असल्याने फेटाळण्यात आला. जेवणाच्या सुट्टीसाठी मंगळ मंजूर झाला, कारण तिथला दिवस चाळीस मिनिटांनी मोठा. पगार पृथ्वीवरच ठेवला.

“मग दाखला कधी?” सपनाने विचारले.

“चार वर्षं आठ महिने.”

“तवर कोर्सच संपून जाईल.”

“मग गरज उरत न्हाई. अर्ज आपोआप निकाली.”

“पर आमी पृथ्वीवर राहून राहिलो, भाऊ,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“रहिवासी पुरावा आणा.”

“आधार हाय की.”

अमरसिंगने आधार उलटसुलट पाहिले. “यात जवळा बाजार लिवलंय. पृथ्वी कुठं लिवलंय?” आणि त्याने शेरा मारला : पुरावा एका दिवसात सादर करावा.

पंचफुलाबाईंनी सरपंचाकडून लिहून आणले की, अर्जदार जन्मापासून पृथ्वीवरच राहते व तिची वर्तणूक चांगली आहे. दुसऱ्या दिवशी दहालाच मायलेकी हजर.

“मुदत संपली,” अमरसिंग म्हणाला. “हापिसाला शुक्र, अर्जदाराला गुरू. गुरूचा दिवस दहा तासांचाबी भरत न्हाई. काल सकाळी अकराला शेरा मारला, रात्री नवाच्या आत संपला.”

“नवाला तर तुमचं कुलूप राहते.”

“कुलूप पृथ्वीच्या टायमानं हाय, मावशी. तिथं आमचं काय चालते?”

सपनाने विचारले, “दाखला एक वर्ष चालतो. ते वर्ष कुठलं?”

“शुक्राचंच. बराबर.”

“शुक्राचं वर्ष दोनशे पंचवीस दिवसांचं. त्याच्या दिवसापेक्षा लहान. म्हणजे ज्या दिवशी दाखला देणार, त्याच दिवशी तो बाद.”

अमरसिंगने पहिल्यांदाच तिच्याकडे कौतुकाने पाहिले आणि ते कागदावर टिपून घेतले. नूतनीकरणाचे कलम परिपत्रकात राहूनच गेले होते.

तेवढ्यात एक गृहस्थ बाजूच्या दाराने आत गेले आणि चहा संपवून दाखल्यासह बाहेर आले.

“ह्ये कोणत्या ग्रहावरचे?” पंचफुलाबाईंनी विचारले.

“ते घरचे हायत,” अमरसिंग म्हणाला.

मागच्या रांगेतल्या चाळीस जणांनी त्या गृहस्थांना वाट करून दिली. निम्म्यांची आत ओळख होती, निम्मे ती काढून राहिले होते. वाचकहो, नवव्या नंबरला तुम्हीच होता. ‘आत आपलं कोणी हाय का’ असं फोनवर विचारत होता.

सपनाने खिडकीवरच नवा अर्ज लिहिला :

‘महोदया, वीस तारीख जवळ येण्यास पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे कारणीभूत आहे. तरी दाखला हाती पडेपर्यंत सदर फिरणे स्थगित ठेवावे. ते शक्य नसल्यास, रांगेतील नवव्या इसमाने फोन खिशात ठेवून या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करावी, ही नम्र विनंती.’