रुसव्यावर लागलेलं स्टेशन

शहराची हद्द ओलांडली की गाडीतला रेडिओ रुसलेल्या माणसाशिवाय लागत नाही. एरियल कितीही लांब ओढा, उपयोग शून्य. म्हणून सोलापूरकडची शहाणी माणसं बाहेरगावी निघताना स्टेपनी, पाण्याची बाटली आणि रुसलेलं एक माणूस, एवढं आधी बघून घेतात.

गुरुनाथ बिराजदारांना ही काळजी कधी पडलीच नाही. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई रुसण्यात पटाईत. माहेरचा विषय काढायचा अवकाश, हद्दीच्या आतच त्यांचं तोंड फुगायचं आणि फियाटमधला रेडिओ थेट मंगळवेढ्यापर्यंत खणखणीत वाजायचा. लोक हेवा करायचे.

त्या संध्याकाळी मात्र घोळ झाला. त्यांची मुलगी सुजाता पहिल्यांदाच रेडिओवर बातम्या वाचणार होती, आणि हे दोघं नेमके भाच्याच्या साखरपुड्याला निघालेले. लहानपणी ही पोर बोलताना अडायची. 'ब' आला की घशात घास अडकल्यासारखी उभी राहायची. आणि आज तीच बातम्या वाचणार! कस्तुराबाईंच्या तोंडावरचा आनंद काही केल्या हलेना.

"अगं, रुस की जरा," गुरुनाथ काकुळतीला आले.

"कशावर रुसू ओ? आज जगात काही वाईटच दिसेना मला."

"तुझ्या आईच्या आमटीला चव नसायची."

"नसायचीच! मीठच विसरायची बिचारी," असं म्हणून त्या खळखळून हसल्या. रेडिओवर नुसती खरखर.

हद्दीबाहेरच्या नाक्यावर तपासनीस खिडकीतून आत वाकला. "गाडीत रुसलेलं कोण?"

"कुणीच नाही."

"लटका रुसवा चालायचा नाही हं, आधीच सांगतो. त्याच्यावर कानडी स्टेशन लागतं आणि लोक आमच्या नावानं ओरडतात." त्यानं दोघांकडे नीट पाहिलं. "साहेब, मग तुम्हीच रुसा की."

"मी? मी गाडी चालवतोय!"

"चालकाला मनाई नाही," तपासनीस म्हणाला आणि त्यानं दांडा वर केला.

गुरुनाथ जन्मात कधी रुसले नव्हते. राग आला की ओरडायचं, मग जेवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. शेवटी त्यांनी बायकोलाच विचारलं.

"पुढं बघायचं," कस्तुराबाई शिकवू लागल्या. "कुणी विचारलं तर 'काही नाही' म्हणायचं. बाकी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बोललात की उतरला रुसवा."

त्यांनी तसं केलं. कानडी स्टेशन लागलं.

बातम्यांची वेळ तर होत आली. कस्तुराबाई पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "एक सांगते. सुजा म्हणाली होती, आज माझ्या बातम्या आहेत हे बाबांना सांगू नकोस. पण मला राहवलं नाही."

"का?"

"म्हणाली, बाबा ऐकतायत हे कळलं की मी अडखळेन. लहानपणी मी अडले की बाबा लगेच शब्द पुरा करून मोकळे. कधी थांबलेच नाहीत माझ्यासाठी."

गुरुनाथांना ते फार लागलं. पोरीला त्रास नको, लोक हसायला नकोत, म्हणूनच करत होते ना ते? आणि तिनं हे मनात धरावं?

"काय झालं ओ?"

"काही नाही."

खरखर थांबली. "प्रादेशिक बातम्या. सुजाता बिराजदार देत आहे." आवाज असा स्वच्छ, जणू पोर मागच्या सीटवर बसलीय.

दोन बातम्या झाल्या. तिसऱ्या बातमीला ती "बा..." म्हणाली आणि थांबली.

गुरुनाथांचे ओठ आपोआप हलले. बार्शी, बाळा, बार्शी! शब्द जिभेच्या टोकावर आला होता. पण रुसलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्यांनी गाडी बाजूला घेतली, स्टेअरिंग घट्ट धरलं आणि ओठ मिटून घेतले. माळावर सगळं चिडीचूप.

"बार्शीच्या बाजारात बोरांची आवक वाढली आहे," सुजाता म्हणाली. सलग, एका दमात.

गुरुनाथांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. कसला रुसवा नि कसलं काय, सगळं विरघळून गेलं आणि रेडिओ पुन्हा खरखरू लागला.

कस्तुराबाईंनी झटकन तोंड खिडकीकडे फिरवलं. "इतकी वर्षं रुसत आले मी. एकदा तरी विचारलंत, कशावर?" त्यांचा आवाज खरोखर कापला. सुजाताचा आवाज पुन्हा लख्ख झाला.

 गुरुनाथांनी हळूच बायकोचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण तोंडही वळवलं नाही. हवामान अजून बाकी होतं.